व्हीलचेअरला रात्रीचे दिवे: कुठे, कोणते, किती?

रातवा
नमस्कार मंडळी. खुर्ची साधी, घडीची, क्रोम केलेल्या लोखंडी नळ्यांची. मागची चाकं २४ इंची, पुढची ८ इंची, बैठक १८ इंच रुंद. कधी बसणारी व्यक्ती स्वतः चालवते, कधी मागून कोणी ढकलतं. वाट सोसायटीच्या गेटपासून मंडईपर्यंत. फुटपाथ आहे, पण त्यावर दुचाक्या लावलेल्या, त्यामुळे निम्मं अंतर रस्त्याच्या कडेनेच काढायचं. रस्त्यावरचे दिवे एकाआड एक बंद.

सायकलचे दिवे चालतात का? पुढे किती ल्यूमेन (उजेडाचं माप), मागे किती? लुकलुकता बरा की स्थिर? नुसती चमकणारी पट्टी लावली तर भागेल का? माझा अंदाज असा, की मागे एक दणदणीत लाल दिवा लावला की ऐंशी टक्के काम झालं. जाणकारांनी खुशाल खोडून काढावं.

सायकलपंप
सायकलचेच घ्या. 'व्हीलचेअर लाईट' म्हणून जे विकतात तो बहुतेक वेळा तोच दिवा असतो, फक्त खोक्यावरचं चित्र बदलतं आणि किंमत वाढते.

बसवताना अडचण एकच येते. सायकलच्या दिव्याचा क्लॅम्प साधारण २२ ते ३२ मिमी नळीसाठी असतो आणि घडीच्या खुर्चीची नळी बहुधा २२ मिमीचीच, म्हणजे अगदी कडेवर. त्यात क्रोम गुळगुळीत. दोन खड्डे गेले की दिवा मान खाली घालतो. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आणा. २ सेंमी रुंद, ७ सेंमी लांब पट्टी कापा, नळीला बरोबर एक वेढा बसतो. नळी आधी स्पिरिटने पुसून घ्या, पट्टी गुंडाळा आणि वरून क्लॅम्प आवळा. पट्टीची दोन टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, तिथे फुगवटा येतो आणि क्लॅम्प तिरका बसतो. रबरी पट्ट्याने अडकवायचे दिवे शक्यतो टाळा. उन्हात पट्टा वाळतो आणि नेमका रस्त्यावर तुटतो.

चालण्याच्या वेगाला पुढे १०० ते २०० ल्यूमेन आणि मागे २० ते ५० पुष्कळ झाले. त्याहून जास्त घेऊन समोरच्याचे डोळे दिपवण्यात हशील नाही.

चहाबिस्कीट
वाखुसा (वाचनखूण साठवली).

मृदुला_ओटी
रातवा, ते ऐंशी टक्के खोडते.

खुर्ची मागून ढकलली जात असेल तर पाठीमागच्या लाल दिव्याचा उपयोग जवळपास शून्य. १८ इंची बैठकीच्या खुर्चीत मागच्या दोन उभ्या नळ्यांमध्ये साधारण ४५ सेंमी अंतर असतं, आणि ढकलणारा माणूस नेमका त्याच ४५ सेंमीत उभा असतो. दिवा त्याच्या मांड्यांवर पडतो, मागच्या ट्रकवाल्याला दिसतो फक्त एक गडद पँट घातलेला माणूस. अशा वेळी लाल दिवा ढकलणाऱ्याच्या कमरेला मागून हवा, किंवा त्याच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट हवं.

स्वतः चालवत असाल तर दुसरा शत्रू म्हणजे पिशवी. हँडलला भाजीची पिशवी अडकवली की दिवा तिच्या मागे जातो. थंडीत शाल, पावसात रेनकोटचा मागचा घोळ, तेच. म्हणून एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे, डाव्या-उजव्या उभ्या नळीच्या बाहेरच्या अंगाला, हँडलच्या खाली पिशवी जिथे लोंबते ती जागा सोडून. पाठीच्या कापडाला क्लिप लावू नका. बसणारा रेलला की कापड झोळ खातं आणि दिवा आकाशाकडे किंवा जमिनीकडे बघायला लागतो.

पुढचा दिवा ज्या बाजूने खुर्चीतून उतरणं-चढणं होतं त्याच्या विरुद्ध बाजूला. पायपाट्याच्या दांड्याला लावलेला दिवा उतरताना हमखास पोटरीला लागतो. मणक्याच्या दुखापतीत पायाला संवेदना नसेल तर खरचटलेलं कळतसुद्धा नाही.

तळ्यात_मळ्यात
हे सगळं ठीक, पण मुळात चालायचं कुठल्या बाजूने ते आधी ठरवा. फुटपाथ नसेल तर पादचाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालायचं, असं शाळेपासून शिकवतात. म्हणजे खुर्चीच्या जवळून जाणारं वाहन समोरून येणार. मग महत्त्वाचा दिवा पुढचा, मागचा नव्हे!

सायकलपंप
तळ्यात_मळ्यात, तत्त्व बरोबर आहे. पण उजव्या कडेने सावकाश येणारा एकटा पांढरा दिवा पाहून समोरच्याला वाटतं की राँग साइडने दुचाकी येतेय.

चहाबिस्कीट
आपल्याकडे ती तर सगळ्यांना अपेक्षितच असते. उलट जास्त सांभाळून चालवतील.

मृदुला_ओटी
हसू नका, मुद्दा खरा आहे. उजवीकडून चाललं तरी ओव्हरटेक करणारं वाहन मागून त्याच कडेला येऊ शकतं, चौकात तर कुठूनही. बाजू कुठलीही धरा, पुढे पांढरा आणि मागे लाल दोन्ही हवेत. रंगांची अदलाबदल मात्र नको. मोटार वाहनांसाठीही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०८ चा गाभा हाच आहे की पुढे लाल दिसता कामा नये. हाताने चालवायची खुर्ची मोटार वाहन नाही, पण बघणाऱ्याच्या डोक्यात हाच संकेत पक्का बसलेला असतो. मागून पांढरा दिसला की खुर्ची आपल्याकडे येतेय असं वाटतं.

दिवाळीचा_कंदील
सीटखाली रंग बदलणारी एलईडी पट्टी लावली तर? ऑनलाइन स्वस्तात मिळते, रिमोटसकट.

चहाबिस्कीट
मग वरातीत पुढे चालायला फक्त घोडा कमी.

सायकलपंप
कंदीलराव, कल्पना अगदीच टाकाऊ नाही. खुर्चीखाली जमिनीवर पडणारा उजेड चारी बाजूंनी दिसतो, आणि खुर्चीची खरी कमतरता बाजूनेच असते. फक्त रंग एकच ठेवा, पिवळट किंवा अंबर. निळा-लाल आलटून पालटून लावला तर लोकांना पोलिसांची गाडी वाटते. आणि ही पट्टी घडीच्या नळ्यांवर चिकटवू नका. खुर्ची मिटताना खालच्या एकमेकींना छेदणाऱ्या नळ्यांची कात्री फिरते, तिथे वायर सापडली की कातरलीच.

जॉयस्टिक
विजेच्या खुर्चीबद्दल कोणी विचारलेलं नाही, पण पुढेमागे विचारतीलच, म्हणून आधीच लिहितो.

जवळपास सगळ्या विजेच्या खुर्च्या २४ व्होल्टवर चालतात, १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या. दुचाकीच्या स्पेअरपार्टच्या दुकानातला १२ व्होल्टचा एलईडी दिवा आणायचा आणि दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडायचा, हा सगळ्यात लाडका जुगाड आणि सगळ्यात वाईटही. ती एक बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते. चार्जर मात्र दोघींना मिळून चार्ज करतो, त्यामुळे एक कायम अर्धपोटी आणि दुसरीला अजीर्ण. काही महिन्यांत जोडीच बदलावी लागते.

त्यापेक्षा ट्रकच्या सामानाच्या दुकानात १० ते ३० व्होल्टवर चालणारे मार्कर दिवे मिळतात. बाजूला अंबर, मागे लाल. पाण्याने बिघडत नाहीत, विजेला किरकोळ. दिव्यावर नुसतं '२४' लिहिलेलं पुरत नाही, ३० पर्यंतचा पल्ला लिहिलाय का बघा. चार्जिंगच्या शेवटी हीच जोडी २९ व्होल्टच्या आसपास जाते.

जोडणी अशी: बॅटऱ्यांच्या जोडीच्या टोकाच्या प्लसवरून वायर काढा, टर्मिनलपासून १५ सेंमीच्या आत होल्डरमध्ये २ अँपिअरचा फ्यूज, मग स्विच, मग दिवा आणि परत टोकाच्या मायनसला. मोटारसायकलप्रमाणे फ्रेमला मायनस द्यायचा नाही. खुर्चीची फ्रेम विजेपासून वेगळी ठेवलेली असते, ती तशीच राहू द्या. पाठ मागे झुकणारी खुर्ची असेल तर ती पूर्ण झुकवून मग वायर मोजा. सरळ पाठीवर मोजलेली वायर झुकवताना ताणून तुटते.

चार्जिंगच्या सॉकेटमधून दिव्याला वीज घेऊ नका. चार्जर लागलेला असताना खुर्ची चालू नये म्हणून त्या सॉकेटमध्ये एक जास्तीचा पिन असतो. तिथे चुकीचं काही जोडलं तर कंट्रोलर (मोटारी सांभाळणारा डबा) खुर्ची हलूच देत नाही.

वायरमनअण्णा
जॉयस्टिकरावांशी सहमत, एक पुरवणी. १२ चा दिवा हाताशी आहे म्हणून २४ वरून १२ करणारा बिननावाचा स्वस्त कन्व्हर्टर लावायचा मोह टाळा. त्यातून निघणारा विद्युत गोंगाट जॉयस्टिकच्या वायरीलगत गेला तर खुर्ची झटके देऊ शकते. खुर्च्यांच्या आयएसओ ७१७६ या मानकात २१ वा भाग याच विषयाचा आहे, उगाच नाही. कन्व्हर्टर लागणारच असेल तर धातूच्या डबीतला घ्या आणि कंट्रोलरपासून लांब ठेवा.

आणि खुर्ची वॉरंटीत असेल तर बॅटरीला हात लावायच्या आधी विक्रेत्याला लेखी विचारा. काही कंट्रोलरना दिव्यांसाठी वेगळे आउटपुट आधीच असतात, फक्त सेटिंगमध्ये चालू करावे लागतात.

बॅटरीभक्त
दिव्यांनी पल्ला किती कमी होतो?

जॉयस्टिक
नगण्य. ३५ अँपिअर-तासांची जोडी म्हणजे २४ × ३५ = ८४० वॉट-तास. सगळे दिवे मिळून ६ वॉट धरले आणि चार तास जाळले तरी २४ वॉट-तास, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. चढावर मोटार काही मिनिटांत तेवढं खाते.

टोकाचं_बोलणारा
मला एक कळत नाही. रस्ते नीट नाहीत, पथदिवे बंद, फुटपाथवर गाड्या, आणि उपाय काय, तर खुर्चीतल्या माणसाने नाताळच्या झाडासारखं उजळून निघायचं? २०१६ चा दिव्यांगजनांच्या हक्कांचा कायदा सुगम्यतेबद्दल बोलतो तो कशासाठी?

मृदुला_ओटी
तक्रार शंभर टक्के रास्त. वॉर्ड ऑफिसला अर्ज जरूर करा, बंद दिव्याच्या खांबावरचा क्रमांक लिहून करा, त्याशिवाय दुरुस्तीवाल्याला खांब सापडत नाही. पण आज संध्याकाळी मंडईत जायचंय आणि अर्ज काही आज निकालात निघत नाही.

तळ्यात_मळ्यात
नुसत्या चमकणाऱ्या पट्टीबद्दल अजून कोणी बोललं नाही. ना बॅटरी, ना चार्जिंग. बास की!

सायकलपंप
नाही बास. पट्टी स्वतः उजेड देत नाही, आलेला उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते. म्हणजे वाहनाचा दिवा सरळ तिच्यावर पडला तरच ती दिसते. गल्लीतून अचानक बाहेर वळणाऱ्या रिक्षाचा दिवा आधी समोरच्या भिंतीवर असतो. शिवाय दिवा न लावता जाणाऱ्या महाभागांना पट्टी दिसतच नाही.

पण दिव्याच्या जोडीला ती हवीच. गाडी ताशी ५० किमीने येत असेल तर सेकंदाला १४ मीटर. चालकाला कळून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा, तोवर २१ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १४. एकूण ३५ मीटर, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. लो बीममध्ये गडद कपड्यातला माणूस साधारण तेवढ्याच अंतरावर कसाबसा दिसतो. चांगली पट्टी १०० मीटरच्या पलीकडूनही चमकते.

आणि कुठे लावायची यात गंमत आहे. लो बीम खाली झुकलेला असतो, त्यामुळे जमिनीलगतच्या वस्तूंवर उजेड आधी पडतो. पट्टी खाली लावा, चाकाच्या आरांना, पायपाट्याच्या बाहेरच्या कडेला, मागच्या खालच्या नळीला. दिवा मात्र जमेल तितका वर, कारण तो लावलेल्या दुचाक्यांच्या आणि गाड्यांच्या बॉनेटच्या वरून दिसायला हवा. लोक नेमकं उलटं करतात, पट्टी पाठीवर आणि दिवा पायाशी.

वायरमनअण्णा
पट्टी ट्रकवाल्यांचीच घ्या, मीटरवर कापून मिळते, ५० मिमी रुंद. रंगही ट्रकचेच: पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. लाल पट्टी पांढरीपेक्षा बराच कमी उजेड परत करते, म्हणून मागे थोडी जास्त लावा.

एक लक्षात ठेवा, ही मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसणारी पट्टी ताठ असते. २२ मिमीच्या नळीवर गुंडाळली की आठवड्यात कडा उचलते. ती सपाट जागी लावा, चाकाशेजारच्या कपडे अडवायच्या पत्र्यावर किंवा पायपाट्याखाली. गोल नळीसाठी मऊ, काचमण्यांची पट्टी वेगळी मिळते. चिकटवण्याआधी चारी कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा आधी सुटतो आणि पायजमा अडकतो.

दिवाळीचा_कंदील
मनगटाला पट्टी? टपकन् मारली की गुंडाळते ती?

मृदुला_ओटी
मनगटाची कल्पना फार चांगली. खुर्ची चालवताना हात एका लयीत पुढेमागे होतात आणि ती हालचाल पाहून चालकाला लगेच कळतं की हा माणूस आहे, खांब नव्हे. पण टपकन् गुंडाळणाऱ्या पट्टीच्या आत पातळ पोलादी पाती असते. कापड फाटलं की धारदार कडा बाहेर. शिवाय बारीक मनगटावरून ती घसरून तळव्यावर येते आणि चाक फिरवायच्या हाताच्या रिंगणात अडकते. रुंद इलॅस्टिकची, वेल्क्रोची घ्या.

लीड्सकर
इथला नियम सांगतो. ब्रिटनमध्ये विजेच्या खुर्च्या-स्कूटरचे दोन वर्ग. वर्ग २ ताशी ४ मैल, मुख्यतः फुटपाथसाठी. वर्ग ३ रस्त्यावर ताशी ८ मैलांपर्यंत. वर्ग ३ ला पुढचे-मागचे दिवे, इंडिकेटर, भोंगा आणि आरसा सक्तीचे. ५० मैलांहून जास्त वेगमर्यादेच्या दुभाजकाच्या रस्त्यावर जायचं तर लुकलुकता अंबर दिवाही लागतो. तशा रस्त्यावर जाऊच नका असाही सल्ला तिथेच आहे.

चहाबिस्कीट
लाल नाही ना? लाल असता तर इकडे लगेच मंत्री समजून रस्ता मोकळा केला असता.

वायरमनअण्णा
आता मंत्र्यांनाही मिळत नाही, २०१७ पासून बंद.

रातवा
खूपच माहिती मिळाली. लुकलुकता की स्थिर, यावर कोणीच बोललं नाही पण. आणि पुढच्या दिव्याचा कोन कसा धरायचा?

सायकलपंप
मागे दोन दिवे असतील तर एक स्थिर आणि एक सावकाश लुकलुकता. लुकलुकता लक्ष वेधतो, पण नुसत्या लुकलुकत्यावरून अंतर किती ते कळत नाही, म्हणून स्थिर हवाच. भराभर फडफडणारा मोड कुठेच नको. पुढचा कायम स्थिर, लुकलुकत्या उजेडात खड्डा दिसत नाही. बसणाऱ्याला फिट्सचा त्रास असेल तर लुकलुकणं पूर्ण बंद.

कोन: खुर्ची भिंतीपासून दिवा २ मीटरवर येईल अशी उभी करा. दिवा जमिनीपासून ५५ सेंमीवर असेल तर उजेडाचा मध्य भिंतीवर ३३ सेंमीवर पडला पाहिजे. म्हणजे रस्त्यावर तो ५ मीटर पुढे पडतो. ताशी ४ किमीने ते अंतर कापायला साडेचार सेकंद लागतात, खड्डा चुकवायला पुरेसे. हे सगळं खुर्चीत माणूस बसवून करा. रिकाम्या खुर्चीत कोन वेगळा येतो.

दिवा जितका खाली, तितक्या खड्ड्याच्या सावल्या लांब आणि खड्डा स्पष्ट. कपाळाला लावायची बॅटरी म्हणूनच खड्ड्यांसाठी निरुपयोगी, उजेड डोळ्याच्याच रेषेत असल्याने सावली दिसत नाही. वर आपण ज्याच्याशी बोलू तो आंधळा.

तळ्यात_मळ्यात
पण तुम्हीच वर म्हणालात दिवा जमेल तितका वर!

सायकलपंप
वर लावायचा तो दुसऱ्याने आपल्याला बघण्यासाठीचा. खाली लावायचा तो आपण रस्ता बघण्यासाठीचा. दोन कामं आहेत, एकाच दिव्यावर दोन्ही लादली की दोन्ही बिघडतात. पुढे दोन लावा: ५५ सेंमीवरचा रस्त्यासाठी आणि हाताच्या टेकूच्या टोकाला एक मंद पांढरा दिसण्यासाठी.

बॅटरीभक्त
निओबोल्टसारखं खुर्चीला पुढे जोडायचं, मोटारीवर चालणारं यंत्र असेल तर?

जॉयस्टिक
मग गणित बदलतं. आयआयटी मद्रासमधून निघालेलं ते यंत्र ताशी २५ किमीपर्यंत जातं, म्हणजे सेकंदाला ७ मीटर. तिथे ५ मीटरचा उजेड म्हणजे खड्ड्यात पडल्यावर कळणार. किमान २० मीटर तरी दिसलं पाहिजे. वरचे सगळे आकडे चालण्याच्या वेगाचे आहेत.

तीनचाकी
हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलला घासून चालणारा डायनॅमो बसवतात त्यांना एकच विनंती, नका बसवू. ६ व्होल्ट, ३ वॉटचा डायनॅमो हाताच्या वेगाला मिणमिणतो, चढावर वेग कमी झाला की विझतो, आणि खांद्यांवर जोर वाढतो तो वेगळाच. पुढच्या फोर्कला बॅटरीचा दिवा थेट बसतो.

मृदुला_ओटी
दिवे निवडताना दोन 'हुशार' सोयी टाळा. एक, हालचाल थांबली की आपोआप विझणारा दिवा. सिग्नलला किंवा रस्ता ओलांडायला थांबलात की नेमका तेव्हाच विझतो. दोन, वेग कमी झाला की ब्रेकसारखा भडकणारा. खुर्ची प्रत्येक ढकलीनंतर थोडी मंदावते, त्यामुळे तो सारखाच भडकत राहतो.

पॉवरबँकवर दिवा चालवणाऱ्यांसाठी: पॉवरबँक मांडीवर किंवा गादीखाली ठेवू नका. संवेदना नसलेल्या त्वचेला उष्णता आणि टोचणारी कड दोन्ही कळत नाहीत, आणि त्यातून झालेली जखम महिनोन्महिने बरी होत नाही. बाजूच्या पिशवीत ठेवा.

वायरमनअण्णा
आणि बऱ्याच पॉवरबँका भार फार कमी असला की स्वतःहून बंद होतात. मागचा लहान लाल दिवा इतकी कमी वीज घेतो की पॉवरबँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. घरी अर्धा तास लावून ठेवून बघा, मगच भरवसा ठेवा.

रातवा
म्हणजे खरेदी अशी: पुढे दोन, मागे दोन लहान लाल, ढकलणाऱ्याच्या कमरेला एक लाल, खाली पट्टी. ऐंशी टक्क्यांचा दावा मागे. शेवटचा प्रश्न, पावसाचं काय? आणि नीट बसलंय हे कळणार कसं?

सायकलपंप
खोक्यावर निदान आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) पाहिजे, आपल्या पावसाला ६ बरं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण खालच्या बाजूला येईल असा दिवा बसवा, आणि ओला असताना चार्जिंगला लावू नका. झाकण सैल झालं की दिवा कितीही आयपीचा असो, उपयोग नाही.

तपासणी: खुर्चीत माणूस, पिशवी, शाल, ढकलणारा, सगळं रोजच्यासारखं. दुसऱ्याने ३५ मीटर लांब, साधारण ४५ ते ५० पावलं जाऊन बघायचं. आधी उकिडवं बसून, म्हणजे कारवाल्याची नजर, मग उभं राहून, म्हणजे दुचाकीवाल्याची. मागून, पुढून, दोन्ही बाजूंनी, आणि तिरकं मागूनही. तिरक्या कोनातून मागच्या २४ इंची चाकाआड दिवा जातो, तो असाच सापडतो. जात असेल तर नळीवर दोन बोटं वर सरकवा.

मृदुला_ओटी
सरकवल्यावर खुर्ची एकदा मिटून बघा. आणि ब्रेकचा दांडा पूर्ण मागेपुढे करून, क्लॅम्पला लागत नाही ना.